बारशापर्यंत

बाजेखालच्या शेगडीत ओवा तडतडला आणि दुपारची शांतता तेवढ्यापुरती मोडली. बाळ दचकलं. दोन्ही मुठी हवेत उडाल्या, ओठ रडायच्या बेताला आले आणि कुणीतरी समजूत काढावी तसे पुन्हा मिटले. राजेश्रीनं तिच्या छातीवर हात ठेवला. दहा दिवसांची पोर. अजून तिला नाव नव्हतं; नुसती ऊब होती आणि दुधाचा आंबूस वास.

दुसऱ्या हातानं राजेश्रीनं स्वतःच्या पायावरची गोधडी सारली. सकाळपासून डाव्या पोटरीत काहीतरी ठसठसत होतं. आधी वाटलं, बाजेची दोरी रुतली असेल. मग वाटलं, एका कुशीवर पडून पाय अवघडला. आता खिडकीतल्या उजेडात दोन्ही पाय शेजारी शेजारी ठेवून बघितले, तर डावा तिचा वाटतच नव्हता. पोटरी तटतटून फुगलेली, कातडी चकचकीत, आणि हात लावला तर तापलेल्या तव्याच्या कडेसारखी. पाऊल जरा वर ओढलं तशी कळ थेट गुडघ्यामागं गेली.

भीती वाटली तिला. पण भीतीच्या मागोमाग दुसरंही काहीतरी वर आलं. ते तिनं लगेच ओळखलं, कारण गेले पाच महिने पोटातल्या लेकरासोबत ती तेही वाढवत होती.

"परवा बारसं हाय," ती हळूच म्हणाली. "तवर थांब बये." ती पायाशी बोलत होती.

"काकू, तुझा एक पाय जाड झालाय."

भक्ती दारात उभी होती. शाळेच्या मधल्या सुट्टीत पळत आलेली, एक वेणी सुटलेली. राजेश्रीनं गोधडी ओढली, पण पोरीचे डोळे आधीच सगळं बघून झाले होते.

"कुणाला सांगू नको."

"कामून?"

"गंमत हाय. बारशाला सगळ्यायला दाखवायची."

"आज्जीला बी न्हाई सांगायचं?"

"आज्जीला तर मुळीच न्हाई."

भक्तीनं विचार केला. सहा वर्षांच्या जिवाला गुपित म्हणजे खिशातला बत्तासा; फुकट सांभाळत नाही कुणी. "मंग मला काय देशील?"

"पाळण्याची दोरी पयली तुझ्या हातात देईन."

सौदा पटला. भक्तीनं बाळाच्या टाळूचा वास घेतला, ओठांवर बोट ठेवून दाखवलं आणि आली तशी पळाली.

भक्ती राजेश्रीची लेक नव्हे. ती बबिताची, राजेश्रीच्या थोरल्या जावेची. बबिता गेली तेव्हा भक्ती अकरा दिवसांची होती, आणि राजेश्री ह्या घरात येऊन चार महिने झालेली, एकोणीस वर्षांची.

ह्या घरच्या दोन्ही सुनांची माहेरं ऊसतोडीची. दिवाळी झाली की बिऱ्हाड गाडीत घालून कारखान्याच्या मुलखात निघायची ती शिमग्यालाच परत. त्यामुळं पहिलं बाळंतपण माहेरी करायचं म्हटलं तरी माहेराला कुलूप. पण सासू नर्मदाबाई असताना माहेराची गरज काय, असंच गाव म्हणायचं. पालमच्या दवाखान्यातून बाळंतीण घरी आली की पुढचा सव्वा महिना नर्मदाबाईच्या हातात. तिच्या हाताला गुण होता. चाळीस बाळंतिणी उठवल्या म्हणायची, आणि मोजून नावं सांगायची. सकाळी पाटावर बसवून कोमट तिळाचं तेल, मग कढत पाणी, मग शेगडीची धग. पोटाला पट्टा. आणि पाणी म्हणजे शोपा घालून उकळलेलं, दिवसाला दोन फुलपात्रं. तिसरं मागायचं नाही. पाणी पिलं की पोट सुटतं, अंगात वारं शिरतं.

नवव्या दिवशी बबिता म्हणाली, पोटरी दुखायलीय. नवऱ्याला म्हणाली, शेजारच्या सुलाबाईला म्हणाली, सासूला म्हणाली. नर्मदाबाईनं पाय हातात घेतला, दाबून बघितला आणि निदान केलं. "शीर आखडलीय. गाठ धरलीय. मोडून काढते."

दोन्ही अंगठे लावून तिनं ती गाठ मोडायला घेतली. सकाळ-संध्याकाळ. बबिता पदराचा बोळा दातात धरायची. दुसऱ्या दिवशी दुपारी सासू शेतात गेली तेव्हा तिनं राजेश्रीला खुणावलं. "राजे, घोटभर पाणी दे गं. जीभ टाळूला चिकटलीय." राजेश्रीनं माठातला तांब्या पदराआड नेला. बबितानं तो एका दमात संपवला आणि राजेश्रीच्या गालाला ओला हात लावला.

तिसऱ्या दिवशी सकाळी चोळून झाल्यावर बबिता पाटावरून उठली, "दम लागायलाय," म्हणाली, छातीवर हात ठेवून न्हाणीच्या दगडावर बसली, आणि गाडी यायच्या आत संपली.

बाजेखाली तांब्या सापडला. नर्मदाबाईनं तो अंगणात आणून सगळ्यांना दाखवला. लेकीची माती करायला कारखान्यावरून रात्रीतून आलेल्या दैवशालाबाईला, बबिताच्या आईला, तिनं तोंडावर सांगितलं, "तुमच्या लेकीला दम निघाला न्हाई. चोरून पाणी पिली आन जिवानं गेली." आणि दैवशालाबाईची पाठ वळल्यावर राजेश्रीला सांगितलं ते दोनच शब्दांत. "तू मारलीस."

गावात तिनं सुनेचं नाव घेतलं नाही. घराची इज्जत म्हणून. पण त्या दिवसापासून राजेश्रीच्या हातचं पाणी नर्मदाबाई पिली नाही. भाकर खायची, चहा घ्यायची. पाणी मात्र स्वतः उठून. भक्ती बोलायला लागली तसं तिलाही शिकवलं, काकूच्या हातचं पाणी न्हाई प्यायचं बाळा. भक्तीचा बाप बायकोमागं शहरात कामाला निघून गेला. राजेश्रीनं त्या पोरीला अंघोळ घातली, भरवलं, तापात मांडीवर घेऊन बसली, आणि तिला तहान लागली की माठापासून दोन पावलं मागं सरकायला शिकली. सहा वर्षं. माठावरचं झाकण उचललं की तिला बबिताचा ओला हात गालावर लागायचा. आपण माणूस मारलंय हे तिनं मान्य करून टाकलं होतं.

मग पाच महिन्यांमागं, स्वतःला दिवस गेलेले असताना, आशाताई माधवी तिला उपकेंद्रातल्या बैठकीला घेऊन गेली. तिथल्या सिस्टरनं भिंतीवर चित्रांचा कागद लावला होता. बाळंतपणानंतर काय झालं तर थांबायचं नाही, ते एकेक बोट ठेवून सांगत होती. तासाभरात कापडाची घडी भिजावी इतकं अंगावरून जायला लागलं तर. ताप चढला, घाण वास यायला लागला तर. डोकं फुटायला लागून डोळ्यांपुढं अंधारी आली तर. शेवटच्या चित्रात दोन पाय होते, एक दुसऱ्यापेक्षा जाड.

"एकाच पोटरीला सूज आली, दुखायली, गरम लागली, तर ती रक्ताची गुठळी असू शकती," सिस्टर म्हणाली. "तेल न्हाई, शेक न्हाई, चोळणं तर अजिबात न्हाई. सरळ दवाखाना."

राजेश्रीनं विचारलं, "चोळलं तर?"

"चोळली की सुटती, आन छातीत जाऊन बसती. माणूस म्हणतं दम लागायलाय. मंग वेळच मिळत न्हाई."

"आन पाणी पिलं तर?"

बाया हसल्या. सिस्टर हसली नाही. "पाणी भरपूर प्यायचं, बाई. पाणी तोडल्यानं रक्त अजून घट्ट होतं."

बैठक उठली, बाया गेल्या, राजेश्री सतरंजीवरच बसून राहिली. माधवीला वाटलं चक्कर आली. चक्कर नव्हती. सहा वर्षांचं ओझं मानेवरून उतरलं होतं आणि उतरता उतरता त्याचं दुसरंच काहीतरी झालं होतं.

तिनं नवऱ्याला सांगून बघितलं. बजरंग पालमला मालाचा टेम्पो चालवतो. सरळ माणूस, पण आईपुढं त्याची मान आपोआप खाली जाते. "असंल तसं," तो म्हणाला. "पण आता बोलून काय वैनी वापस येणार हाय का? म्हातारी हाय ती. नाहक बेजार करू नको."

नाहक. तो शब्द तिनं पदराच्या गाठीला बांधला.

तिला म्हातारीचं अन्न तोडायचं नव्हतं, घराबाहेर काढायचं नव्हतं. तिला हवं होतं ते एवढंच, की ज्या अंगणात तांब्या दाखवला त्याच अंगणात, तेवढ्याच बायांपुढं, आणि दैवशालाबाईपुढं, नर्मदाबाईला कळावं. तिनं बारशाची वाट बघायचं ठरवलं. बारशाला माधवीला बोलावलं. राणीसावरगावला फोन करून दैवशालाबाईला बोलावलं. गुडघे गेल्यामुळं ती यंदा तोडीवर गेली नव्हती. माधवीकडून चार बायांत ते सगळं वदवून घ्यायचं, असा बेत होता.

पण शब्दाचं काय, तो कुणीही उडवून लावतं. चाळीस बायका उठवलेली बाई माधवीला सहज उडवून लावेल. पाय कसा उडवेल? तो पाय आता आपण होऊन आला होता, न बोलावता, अगदी वेळेवर. राजेश्रीला त्याची भीती वाटायची सोडून त्याच्याविषयी एक प्रकारची कृतज्ञता वाटायला लागली.

पाहुणा दोन दिवस लपवायचा होता. तिनं जुन्या साडीचा पट्टा फाडून पोटरीला सैल गुंडाळला. अकराव्या दिवशी सकाळी नर्मदाबाईनं पाटावर बसवून तेलाची वाटी पुढं ओढली.

"हे काय गुंडाळलंस?"

"शेगडीचा चटका बसला, आत्याबाई. फोड आलाय. हळद लावलीय, हात लावू नका."

"बाजेवर पडल्या पडल्या चटका बसतो व्हय? आमच्या वक्ताला शेगडीवरून उड्या मारायचो, कंदी डाग न्हाई लागला. आजकालच्या पोरी म्हणजे लोण्याच्या."

"व्हय, आत्याबाई."

"व्हय म्हणायला बरं जमतं."

नर्मदाबाईनं कंबर चोळायला घेतली. आणि हेच राजेश्रीला सोसवत नव्हतं, की ते हात खरंच चांगले होते. कुठं दुखतं ते न सांगता त्यांना कळायचं. मणक्याच्या दोन बाजूंनी अंगठे खाली उतरत जायचे आणि दहा दिवसांचा ठणका लोण्यासारखा सुटायचा. डोळे मिटून ती दात आवळून बसली. ह्याच अंगठ्यांनी, तिनं स्वतःला सांगितलं. ह्याच.

त्या दुपारी मोरीपर्यंत जाऊन येताना तिला जरा धाप लागली. जराशीच. भिंतीला धरून ती उभी राहिली. छातीत काही दुखतंय का? नाही. पुन्हा श्वास घेऊन बघितला. आत जाऊन बाजेवर बसली, मोबाईल घेतला, १०८ दाबलं आणि हिरव्या बटणावर अंगठा धरून राहिली. सिस्टरचं वाक्य आठवत होतं. मग वेळच मिळत नाही.

बाळ जागं झालं. तोंड इकडून तिकडं फिरवत, डोळे मिटूनच दूध शोधायला लागलं. राजेश्रीनं फोन ठेवून तिला पदराखाली घेतलं. पोरीचं एवढंसं नाक दाबलं जाऊ नये म्हणून बोटानं जागा करून दिली. त्या नाकातून येणारा जाणारा वारा बोटाला लागत होता, आणि ती आपलाही श्वास त्याच्याशी ताडून बघत होती. आपला जास्त घाई करतोय का? नाही. सारखाच आहे.

"तुझ्या मायला येड लागलंय," तिनं पोरीच्या कानात सांगितलं. "उद्या दहा वाजता उतरंल."

अंगात शहाणपण उरलं होतं ते एवढंच, की ती पाणी पीत होती. भक्ती शाळेची बाटली माठातून भरून दप्तरातून आणायची. काकूच्या हातचं पाणी तिला बंद होतं. काकूला पाणी द्यायला कुणी बंदी केली नव्हती. एवढ्याशा पोरीनं ती वाट बरोबर शोधली होती.

"लय तहान लागती का तुला?"

"लय."

"पाय अजून जाड झालाय का? बघू."

"उद्या बघ."

बारशाला अंगण भरलं. बजरंगनं टेम्पोतून खुर्च्या आणल्या होत्या, पण बाया सतरंजीवरच बसल्या. पाळण्याला झेंडूची माळ, खाली घुगऱ्यांची परात. दैवशालाबाई आली ती दाराच्या चौकटीला टेकून बसली. कुणी बस म्हटलं म्हणून बसावं आणि ऊठ म्हटलं की उठावं अशी. भक्तीला तिनं मांडीवर ओढून घेतलं. माधवी गुलाबी साडीत, हातात रजिस्टर घेऊनच आली. चौदाव्या दिवसाची भेट आजच उरकून टाकायचा तिचा विचार होता.

नर्मदाबाई आज सगळीकडं होती. "बघा, बारा दिवसांत कशी उठवलीय," ती सुलाबाईला सांगत होती. "गाल बघा. दवाखान्यातल्या बायांना विचारा म्हणावं, असं बाळंतपण करता येतं का. मशीन लावून होत न्हाई ते."

राजेश्री लंगडत बाहेर आली. दोन बायांनी धरून पाटावर बसवलं. बाळ तिनं सुलाबाईकडं दिलं. मग सगळ्यांच्या मधोमध तिनं साडी गुडघ्यापर्यंत घेतली आणि पट्टा सोडायला लागली. हळदीचा डाग नव्हता, फोड नव्हता. पट्टा संपला तशी बोलणीही संपली.

"आत्याबाई," ती म्हणाली, "जरा पाय चोळता का? बबिताक्काचा चोळला होता तसा."

नर्मदाबाईनं पाय बघितला. सहा वर्षांपूर्वीचं तिला त्या क्षणी काही आठवलं असेल असं वाटत नाही; तिचे हात तिच्या आधी पुढं झाले. "अगं, गाठ हाय ही. चटका म्हणून सांगितलंस मला? सुले, तेलाची वाटी आण. आत्ता मोडते." अंगठे पोटरीवर टेकलेसुद्धा.

"मावशी, हात काढा." माधवीनं रजिस्टर टाकलं आणि म्हातारीचं मनगट धरलं. "हात काढा म्हणते ना."

"तू मला शिकवायलीस? चाळीस बाळंतिणी उठवल्या मी."

"गुठळी हाय ती. चोळली तर छातीत जाईल. बजरंगभाऊ, एकशे आठला फोन लावा. राजेश्री, आडवी हो. कधीपासून हाय हे?"

राजेश्री आडवी झाली नाही. "ताई, आधी एक सांगा. एक बाळंतीण होती. अशीच पोटरी. नवव्या दिवशी दुखायला लागली, अकराव्यापर्यंत चोळली. मंग म्हणाली दम लागायलाय, आन दगडावर बसली ती गेलीच. कशानं गेली?"

माधवीनं तिच्याकडं बघितलं. आपल्याला इथं कशाला बोलावलं होतं ते तिला आत्ता कळलं. "राजेश्री, गाडी येऊ दे. मंग बोलू."

"सांगितल्याबिगर मी गाडीत बसत न्हाई."

"अगं बाई, जीव जाईल तुझा."

"मंग लवकर सांगा."

बजरंग फोनवर पत्ता सांगत उभा. माधवी एकदा म्हातारीकडं, एकदा पायाकडं बघत होती.

"गुठळीनं गेली असंल," ती शेवटी म्हणाली. "चोळल्यानं सुटली असंल."

"आन आदल्या दिवशी तांब्याभर पाणी पिली होती. त्यानं?"

"पाण्यानं कशी मरंल बाळंतीण? तिला तर तेवढंच चांगलं झालं असंल."

"तो तांब्या मी दिला होता, दैवशालामावशी," राजेश्री चौकटीकडं वळून म्हणाली. "तुमच्या लेकीला तहान लागली होती म्हणून. आन बरं केलं म्या."

दैवशालाबाई उठली. गुडघ्यांवर हात देत, हळूहळू. तिचा आवाज चढला नाही. "नर्मदाबाई, सहा वर्षं मी तिच्या फोटोम्होरं बसून तिलाच बोलायलेय. भवाने, दोन दिवस कळ काढली असतीस तर तुझ्या लेकराला माय राहिली असती. रोज बोलते. सकाळी दिवा लावला की बोलते. तुमी मला माझ्या मेलेल्या लेकीला शिव्या घालायला लावल्या."

नर्मदाबाईचे हात अजून तेलकट होते. तिनं ते लुगड्याला पुसले. मग पुन्हा पुसले. एकदा सुलाबाईकडं बघितलं, जणू चाळीसांपैकी एखादी तरी बोलेल. ती पुन्हा हात पुसायला लागली, बोटं एकेक करून, आणि मग एकाएकी खाली बसली, न्हाणीच्या त्या दगडाकडं पाठ करून.

राजेश्री बघत होती. एकही क्षण सुटू नये म्हणून डोळे न मिटता बघत होती. पोटरीत कळा मारत होत्या आणि जिभेवर गूळ ठेवल्यासारखं गोड लागत होतं. हेच हवं होतं तिला, ह्याहून तिळभर कमी नाही. गाडीचा भोंगा ऐकू आला तेव्हा तिनं स्वतःहून हात वर केले, मला उचला म्हणून.

नाव ठेवायचं राहूनच गेलं. बाळ तिच्यासोबत गाडीत आलं, माळेतली दोन झेंडूची फुलं दुपट्याला अडकलेली.

परभणीच्या सरकारी दवाखान्यात पोटरीवर मशीन फिरवून बघितलं. गुठळीच निघाली. पोटावर बारीक सुया सुरू झाल्या. "वेळेत आणलंत," तिथली डॉक्टरीण म्हणाली. "छातीत गेली असती तर अवघड होतं." राजेश्रीनं मान डोलावली. कधीपासून सूज आहे विचारलं तेव्हा तिनं "आज सकाळी" म्हणून सांगितलं होतं. बजरंगही तेच समजत होता.

चौथ्या दिवशी दुपारी चारला तो डबा घेऊन आला. सोबत भक्ती. तिची वेणी बजरंगनंच घातलेली असावी. दोरखंडासारखी एकीकडं लोंबत होती.

"आई हात मांडीखाली घेऊन बसलीय," तो म्हणाला. "कुणाला हात लावीना. सुलाबाईची नात बाळंत होऊन आली, त्यांनी चोळायला बोलावलं तर दार लावून घेतलं. हिची वेणी बी घालीना." त्यानं डब्याचं झाकण उघडून पुन्हा लावलं. "आन पाणी पीना. म्हणती राजेश्री आली की तिच्या हातचं पिईन. दोन दिवसांपासून नुसता चहा घेती."

राजेश्री बाळाची नखं बघत होती. कागदासारखी पातळ, वाढलेली. कुरतडून काढायला हवीत.

"मंग वाळू दे म्हणावं गळा," ती म्हणाली.

बजरंग तिच्याकडं बघत राहिला. लग्नाला सात वर्षं होत आली होती, आणि आपल्या बायकोचा हा आवाज त्यानं कधी ऐकला नव्हता. तो औषधाची चिठ्ठी घेऊन खाली गेला.

राजेश्रीला बरं वाटत होतं. चार दिवस झाले तरी ते बरं वाटणं शिळं होत नव्हतं. मांडीखाली दाबलेले ते दोन हात ती मनात पुन्हा पुन्हा काढून बघत होती, लहान पोर खाऊची पुडी उघडून बघते तसे.

नर्स आली. सुई दिली, कागद पुढं घेतला. "सूज कधी आली म्हणालात?"

"बारशादिवशी. सकाळी."

नर्सनं लिहिलं आणि पुढच्या खाटेकडं गेली. भक्ती स्टुलावर चढून बसली होती, पाय हलवत. आता पाय हलायचे थांबले.

"तू खोटं बोललीस."

"हळू बोल."

"मला तू दोन दिवस आधी दाखवला होतास. गंमत म्हणालीस." भक्ती राजेश्रीकडं बघत नव्हती. ती बाळाकडं बघत होती. एक बोट तिनं बाळाच्या मुठीत घातलं, आणि त्या मुठीनं ते घट्ट धरलं. "मी कुणालाच सांगितलं न्हाई. आज्जीला बी न्हाई. तू सांगितलं होतंस म्हणून."

"शहाणी माझी."

"आज्जी म्हणती, माझ्या मायनं सगळ्यायला सांगितलं होतं. पाय दुखायलाय म्हणून. बाबाला, आज्जीला, सगळ्यायला. कुणी ऐकलंच न्हाई." तिनं ओठ मुडपले. राजेश्रीनं तिच्याकडं हात केला, पण बाळ कुशीत होतं आणि हात पोचला नाही.

"तुला तर ठाऊक होतं, काकू," भक्ती म्हणाली. "मंग मला आन बाळाला ठेवून तू बी जाणार होतीस का?"